व्याह्यांनी सुचवलेले कनेक्शन

माझ्या व्याह्यांनी मला फसवले. जमिनीत नाही, सोन्यात नाही, लग्नाच्या मानपानातही नाही. घरात इंटरनेट कुठले घ्यावे, एवढेच मी त्यांना विचारले होते आणि त्यांनी मला चुकीचे उत्तर दिले. चुकून दिले नाही. त्या एका उत्तरापायी माझा नातू त्यांना ओळखू लागला आणि मला पाहून रडू लागला. आमच्या दोन्ही घरांत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण विषय निघाला की कोणीतरी उठून चहा ठेवायला जाते. म्हणून लिहून ठेवतो आहे.

व्याही पोलादपूरचे. सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षे महाडच्या ऑफिसात. आवाज मऊ, शर्टाला इस्त्री, कोणाशी दोन शब्दांचे भांडण नाही. पोलादपूरच्या बाजारात त्यांच्याविषयी वाईट बोलणारा माणूस सापडत नाही; मी शोधून पाहिला आहे. मी त्यांच्या अगदी उलट. कशेडीच्या बाजूच्या डोंगरातली आमची वाडी. तिथून महाडला आलो तेव्हा ट्रकमधून लाद्या उतरवायचे काम करत होतो. पुढे त्याच लाद्या विकू लागलो आणि बाजारपेठेत स्वतःचे दुकान केले. कोणी हात धरून वर आणले नाही. भाव केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलेले नाही, आणि आवाज चढवल्याशिवाय भाव होत नाही हे मला फार लवकर कळले. राजस्थानहून माल घेऊन येणारे व्यापारी माझ्याशी बोलून झाले की आधी पाणी मागतात.

माझा मुलगा एकुलता. तो बहारीनला एका कंपनीत लागला आणि त्यांची मुलगी आमच्या घरात सून म्हणून आली. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले. म्हणजे नातू आमचा, आडनाव आमचे, पण त्याची पहिली आंघोळ, पहिले हसू, पहिली कूस पोलादपूरला. मी दर रविवारी गाडी काढून जायचो. मी पोचलो की बाळ नेमके झोपलेले असायचे, आणि तेही व्याह्यांच्या मांडीवर. ते ओठांवर बोट ठेवून हळूच सांगायचे, "आत्ताच डोळा लागलाय, शेठ." मी त्याच्या तळपायाकडे बघत बसायचो. त्यांचा तळहात त्या डोक्याखाली असा काही बसलेला असायचा, की जणू तो त्याच मापाचा करवून घेतला होता. परत येताना गाडीत बायको म्हणायची, "अहो, ते आजोबाच आहेत त्याचे." मी गिअर बदलायचो.

बाळ काही महिन्यांचे झाल्यावर व्हिसा आला आणि सून त्याला घेऊन बहारीनला गेली. मला वाईट वाटले, पण खोटे कशाला बोलू, बरेही वाटले. आता ते मूल जितके माझ्यापासून लांब तितकेच त्यांच्यापासून लांब होते.

मग मुलाचा फोन आला. म्हणाला, घरात कॉम्प्युटर घ्या, वर छोटा कॅमेरा बसवा आणि नेट घ्या. इकडे शुक्रवारी सुट्टी असते, दर शुक्रवारी संध्याकाळी समोरासमोर बोलू. मी म्हटले, फोन आहे की. त्यावर तो म्हणाला, "बाबा, आवाजावरून त्याला काय कळणार? आम्ही दोन वर्षं तरी येत नाही. ज्याचं तोंड त्याला दिसत राहील, त्याला तो ओळखणार."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसले. दुकानात गिऱ्हाइकाला लादी दाखवताना, हिशोब करताना, जेवताना, हेच चालू. ज्याचे तोंड दिसेल तो.

कॉम्प्युटर आला. आमच्याकडे पुराची सवय, किमती वस्तू खाली ठेवायची कोणाची छाती नाही. तो वरच्या मजल्यावर खिडकीशी ठेवला. प्रश्न राहिला नेटचा. महाडात तेव्हा इंटरनेट घ्यायचे रस्ते मोजके होते, आणि मी प्रत्येकाची चौकशी बैल घेताना दात बघावेत तशी केली.

पहिले होते फोनवरून डायल करायचे जुने नेट. ते सुरू केले की मशीन किंचाळायचे, आणि चालू असेपर्यंत फोन बंद. दुकानाची निम्मी गिऱ्हाइके घरच्या नंबरावर बोलायची, ती गेली असती. शिवाय पोस्टाजवळच्या सायबर कॅफेत बसून पाहिले, तर एक साधा फोटो कपाळापासून खाली उतरत होता आणि हनुवटीपर्यंत येताच लाइन तुटत होती. ते बाद. दुसरी ती मोबाइलवाल्या कंपनीची दांडी, कॉम्प्युटरला खुपसायची. ती एका इंजिनिअर गिऱ्हाइकाने आणून दाखवली. चारी बाजूंनी डोंगर, दांडीला रेंजच सापडेना. तो ती हातात धरून माझ्या गच्चीवर जोंधळे पाखडल्यासारखा फिरत होता. तेही बाद.

राहिली दोन. एक केबलचे. टीव्हीची केबल देणारा माणूस कौलांवरून आणि खांबांवरून दुसरी वायर टाकून नेट द्यायला लागला होता. दुसरे टेलिफोन खात्याचे ब्रॉडबँड. फोनची जी तार घरात आहे तिच्यावरूनच नेट यायचे, फोनही चालू आणि नेटही चालू. पण अर्ज करायचा, ते तार तपासणार, नंबर लागला तर देणार. माझा कल टेलिफोनकडे होता. अर्ज आणूनही ठेवला होता. बायको म्हणाली, घरात टेलिफोनचा माणूस असताना बाहेर काय विचारत फिरता? व्याह्यांना विचारा की.

तिचे म्हणणे बरोबर होते. जावेसे वाटत नव्हते, तरी नवरात्रात गाडी काढली आणि पोलादपूरला गेलो.

ते पडवीत बसून ट्रान्झिस्टर उघडून काहीतरी साफ करत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी फुंकर मारून धूळ उडवली, आमची आळी कुठली, कोपऱ्यावरची टेलिफोनची पेटी कुठली, हे विचारून घेतले आणि ट्रान्झिस्टरचा एक स्क्रू परत बसवला. मग म्हणाले, "शेठ, त्या पेटीत पुराचं पाणी गेलेलं. जमिनीखालचे जोड सगळे ओले हायत. बोलायला ती तार चालंल, पण नेट नाय टिकायचं तिच्यावर. तुमच्या जागी मी असतो तर केबल घेतली असती."

मला शंका यायचे कारण नव्हते. त्या पुरात माझ्या दुकानातले पाणी मी कमरेला बघितलेले. ती पेटीही पाण्यात बुडालेली डोळ्यांनी पाहिलेली. आणि तारेचे ज्ञान टेलिफोनच्या माणसाला नाही तर कोणाला? तरी माझ्यातल्या व्यापाऱ्याने एक प्रश्न विचारलाच. म्हटले, तुम्ही कुठले घेणार?

ते हसले. "आम्ही दोघं म्हातारी माणसं. आम्हाला कशाला हवं नेट? महिन्यातून एखादा फोन आला तरी पोट भरतं."

खरे सांगतो, ते ऐकून मला केबलपेक्षा जास्त आनंद झाला. त्यांच्या घरी नेट येणारच नव्हते. शुक्रवार माझा एकट्याचा होता. महामार्गाने परत येताना मी शीळ घालत होतो, आणि बायको म्हणाली, कितीतरी दिवसांनी तुम्ही असे खूश दिसताय. टेलिफोनचा अर्ज मी त्याच संध्याकाळी रद्दीत टाकला.

दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला दुकानात बोलावले. तरुण माणूस, कमरेला पकड आणि मोबाइल, बोलणे घाईचे. त्याने भाव सांगितला. मी तो ऐकलाच नाही असे दाखवून त्याला सरबत पाजले. मग म्हटले, एका घराचे सोड, मी तुला आळी देतो. आमच्या आळीत एक घर सोडून एक घर आखातात माणूस असलेले. कोणाचा मुलगा कुवेतला, कोणाचा जावई मस्कतला. समोरच्या ट्रान्सपोर्टवाल्या चाचांचे तर तीन मुलगे तिकडे. मी घरोघर फिरलो. लोकांना सांगितले, एकेकटे गेलात तर हा लुटेल, माझ्या मागे या. आले. त्यांना घेऊन मी केबलवाल्याशी बसलो आणि त्याचा भाव असा खाली आणला, की उठताना त्याला खुर्चीचा हात धरावा लागला. अनामत माफ, वायर त्याची, बसवायचे काम फुकट. बदल्यात आम्ही वर्षाचे पैसे आधी देणार. आळीने माझी वाहवा केली. चाचा म्हणाले, "शेठ, तुम्ही सरकारात पाहिजे होतात." फक्त बायको म्हणाली, इतके कापलेत, आता तो तुम्हाला देणार काय?

पहिला शुक्रवार आला. मी दाढी केली, नवा शर्ट घातला. बायकोने देवापुढे दिवा लावावा तशी ती कॅमेऱ्याची लाइट लावली. घंटी वाजली, पडदा उजळला, आणि माझ्या नातवाचा कान दिसला. नुसता कान. मग चौकोन चौकोन झाले, ते आपापसात सरकले, त्यात एक डोळा आला, मग सगळे गोठले. सुनेचा आवाज येत होता, "बघ, महाडचे आबा, आबांना टाटा कर," आणि पडद्यावर उघड्या तोंडाचे मूल मेणाच्या बाहुलीसारखे थांबलेले. त्याने टाटा केला की नाही, मला आजतागायत ठाऊक नाही. चित्र हलले तेव्हा तिथे रिकामी गादी होती.

दुसऱ्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या शुक्रवारी लोडशेडिंग आले. माझ्याकडे इन्व्हर्टर होता. पंखा चालू, कॉम्प्युटर चालू, पण नेट मेलेले. खिडकीतून बघितले तर खांबावरची केबलची पेटी अंधारात. ती पेटी कोपऱ्यावरच्या कोणाच्या तरी घरातून वीज घ्यायची, आणि त्याची वीज गेली की आमच्या सगळ्यांचे नातेवाईक गेले. सोमवारी मंगळवारी मात्र नेट पाण्यासारखे वाहायचे. पण सोमवारी माझा मुलगा कामावर, आणि सुनेला एकटीला ते मशीन लावता येत नाही असे मला सांगण्यात आले होते.

मी केबलवाल्याला दुकानात उभा केला आणि बाजारपेठेने ऐकावे इतका आवाज चढवला. त्याने सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाला, "शेठ, तुम्ही जो भाव केलात त्यात मला एकच वायर परवडली. ती तुम्ही सगळ्यांनी वाटून घेतलीये. शुक्रवारी नमाज झाली, जेवणं झाली, झोपा झाल्या, की आखी आळी एकदम बसते कॅमेऱ्यासमोर. एका नळाला सगळ्यांनी हंडे लावल्यावर धार कुठून येणार?"

मी त्याला म्हटले, हे तू भाव करताना सांगायला हवे होतेस. तो म्हणाला, तुम्ही बोलू कुठे देत होतात. मी त्याला हाकलून दिला. पैसे वर्षाचे गेलेले होते, सोडणे शक्य नव्हते. आणि सोडून जायचे कुठे? टेलिफोनचे जोड तर ओले होते.

हिवाळा असा गेला. दर शुक्रवारी संध्याकाळी मी पडद्यासमोर बसायचो आणि नातवाचे तुकडे गोळा करायचो. आज गाल, उद्या पाय. दात आला म्हणाले, तो दात मला दिसला नाही. उभा राहिला म्हणाले, मला पडद्यावर एक हात आणि टेबलाचा कोपरा दिसला. एकच समाधान होते, की पोलादपूरला तेवढेही नाही. बिचारे महिन्यातून एक फोन करत असतील, असे मी बायकोला म्हणायचो. ती चहा ठेवायला उठायची. तिला तेव्हा ठाऊक होते की काय, हे मी तिला विचारलेले नाही.

शिमग्याला व्याह्यांचे बोलावणे आले. गावची पालखी त्यांच्या अंगणात येणार होती, शुक्रवार होता. मी म्हटले, शुक्रवारी मला जमणार नाही, नातवाचा फोन असतो. बायको म्हणाली, एक शुक्रवार चुकला तर काय होते, तसेही तुम्हाला काय दिसते. ते खरे होते म्हणून जास्त राग आला, पण गेलो.

पालखी आली, नाचली, नारळ झाले. ढोल पुढच्या घराकडे गेले आणि अंगणात गुलालाचा वास राहिला. मी हात धुवायला आत गेलो, तर मधल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. लहान मुलाचे हसणे, पोटातून येणारे, उचकी लागेपर्यंतचे. त्या घरात लहान मूल नव्हते.

मी दारात उभा राहिलो. टेबलावर कॉम्प्युटर, त्याला विणलेले झाकण, बाजूला एक छोटी पेटी, तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकताहेत. टेलिफोनचे. आणि पडद्यावर माझा नातू. आख्खा. दोन्ही गाल, दोन्ही कान, कपाळावर तीट, खालचे दोन दात. व्याही पाठमोरे बसले होते. डोक्यावरचा पालखीचा फेटा तोंडावर ओढायचे आणि फट्कन वर करायचे. बुवा कुक. प्रत्येक वेळी ते पोर जणू पहिल्यांदाच बघितल्यासारखे खदखदायचे आणि पडद्याला हात लावायला रांगत पुढे यायचे. पुढे येता येता म्हणायचे, "आबा, आबा."

आमच्या घरात आजोबांना आबा म्हणतात. माझ्या वडिलांना माझा मुलगा आबा म्हणायचा. व्याह्यांच्या घरात आजोबा म्हणतात, ते मला पक्के ठाऊक आहे.

मी किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. सुनेने मला तिकडून पाहिले असावे. तिचा चेहरा बदलला. व्याह्यांनी वळून बघितले. जागेवरून उठले, मला खुर्ची दिली, म्हणाले, या शेठ, बसा, बोला त्याच्याशी. मी बसलो. ती खुर्ची त्यांच्या अंगाने गरम होती. मी कॅमेऱ्यात बघून म्हटले, "अरे, मी आबा. महाडचा आबा." पोराने माझ्याकडे बघितले. आधी नुसते बघितले. मग खालचा ओठ बाहेर आला, आणि ते असे रडले, असे रडले, की सून त्याला उचलून आत घेऊन गेली. चित्र इतके स्वच्छ होते की त्याच्या गालावरून पाणी ओघळताना मला दिसले. केबलवर ते दिसले नसते.

विहीणबाई भल्या. त्यांना वाटले मी वाईट वाटून घेईन, म्हणून समजूत काढायला म्हणाल्या, "अहो, मनाला लावून नका घेऊ. आम्हाला बघायची त्याला सवय झालीये. आमचं नेट गणपतीत अर्ज केला तेव्हापासून ठरलेलंच होतं, दसरा झाल्यावर लगेच आलं ना."

गणपतीत अर्ज. मी विचारायला गेलो होतो नवरात्रात. म्हणजे पडवीत बसून "आम्हाला कशाला हवं नेट" म्हणताना यांचा अर्ज ऑफिसात पडलेला होता.

अंगणात पाहुणे होते, बायकोने माझ्या कोपराला धरले, म्हणून मी तिथे काही बोललो नाही. गाडीत मुलाला फोन लावला. तो म्हणाला, मला वाटले तुम्हाला ठाऊक आहे. मग म्हणाला, त्यांच्याशी रोज बोलणे होते बाबा, ही दुपारी एकटी असते ना. रोज. सुनेला मशीन लावता येत नव्हते ते फक्त महाडसाठी.

पुढच्या आठवड्यात टेलिफोन ऑफिसात गेलो. तळ्याकडे मार्चमधल्या सत्याग्रह दिनाची गर्दी होती, गाडी लांब लावून चालत जावे लागले; त्याने डोके आणखी तापले. आत बसलेल्या अधिकाऱ्याला विचारले, आमच्या आळीत ब्रॉडबँड चालते का. तो म्हणाला, न चालायला काय झाले? तुमच्या शेजारच्या लॉजला आहे, डॉक्टरांना आहे. मी म्हटले, पण ते ओले जोड? तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, पुरानंतर त्या भागातली टेलिफोनची सगळी केबल नवी टाकली, पेटीही उंचावर घेतली. मी विचारले, तेव्हा इथे कोण होते? त्याने सहज माझ्या व्याह्यांचे नाव घेतले. त्यांचे नोकरीतले शेवटचे वर्ष होते ते, म्हणाला.

तिथून मी घरी गेलो नाही. सरळ पोलादपूर.

ते पडवीत होते. मी उभ्यानेच सगळे विचारले. आवाज शेजारच्या घरांपर्यंत गेला असेल, जाऊ दे. अर्ज आधी केला होता की नाही? आळीतली टेलिफोनची केबल नवी टाकलेली ठाऊक होती की नाही? मला खड्ड्यात घालून इकडे बुवा कुक खेळत होता की नाही? त्यांनी मला बसायला सांगितले, मी बसलो नाही. त्यांनी पाणी मागवले, मी घेतले नाही. मग ते स्वतः उभे राहिले. त्यांना मी चिडलेले कधी पाहिले नव्हते, त्या दिवशीही ते चिडले नाहीत. फक्त आवाज नेहमीपेक्षा जड होता.

"शेठ, लग्न ठरवताना तुम्ही जे जे म्हणालात ते मी मान्य केलं. हॉल तुमचा, तारीख तुमची, जेवण तुमच्या आचाऱ्याचं. माझ्या माणसांसमोर तुम्ही माझ्याशी लादीचा भाव केल्यासारखा भाव केलात, मी हसत होतो. पोरगी दिली, ती तुमच्या घरची झाली, मग तिकडं गेली. आता तेवढं एक पोर मला बघून हसतं. तेही तुम्हाला अर्धं पाहिजे?"

मी म्हटले, अर्धे नको, माझे मला पाहिजे. ते म्हणाले, त्याच्यावर कोणाचे नाव लिहिलेले नाही. मी म्हटले, आडनाव लिहिलेले आहे. त्यावर ते आत गेले. विहीणबाई दाराआड रडत होत्या. मी गाडीत बसलो.

लोक म्हणतील, त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. असेल. लग्नात मी भाव केला, पण समोर बसून केला, तोंडावर केला. त्यांना पटत नव्हते तर नाही म्हणायचे. मी पुन्हा बोललो असतो, तासभर बोललो असतो, पण त्यांनी नाही म्हटले असते तर ते मला कळले असते. त्यांनी हो म्हटले आणि मनात ठेवले. मग मी ज्या गोष्टीतले मला काही कळत नाही ती विचारायला गेलो, तिथे वसूल केले. माणूस डॉक्टरला विचारतो, वकिलाला विचारतो, तसा मी टेलिफोनच्या माणसाला विचारले होते. तिथे भाव नसतो.

केबलचे वर्ष संपायची वाट न बघता मी टेलिफोनचे नेट घेतले. ते उत्तम चालले. जोड कधी ओले झाले नाहीत, पुढच्या पावसाळ्यातही नाहीत. पण तोवर नातू चालायला लागला होता. शुक्रवारी आमची पाळी यायची तेव्हा तो पोलादपूरशी बोलून दमलेला असायचा. सून म्हणायची, आबांना हाय कर, आणि तो माझ्याकडे न बघता हात हलवून पळायचा. मी फेटा बांधून पाहिला, एकदा तोंडावर ओढूनही पाहिला. त्याने आईला विचारले, हे काय करताहेत.

त्या पावसाळ्यानंतरच्या मे महिन्यात ते सगळे सुट्टीवर आले. मुंबईला विमानतळावर आम्ही दोन्ही घरे गेलो होतो. काचेचे दार उघडले, मुलगा सामानाची गाडी ढकलत आला, त्यावर नातू बसलेला. त्याने गर्दीत बघितले, उतरला आणि धावत सुटला. मी वाकून हात पसरले होते, कारण तो माझ्याच दिशेने येत होता. व्याही माझ्या मागे दोन पावलांवर उभे होते. पोर माझ्या हाताखालून गेले.

मुलगा मला म्हणाला, लहान आहे बाबा, दोन दिवसांत तुमचा होईल. झालाही. आज तो शाळेत जातो, सुट्टीत दुकानात येऊन लाद्यांवर खडूने चित्रे काढतो, मला आबा म्हणतो. पण त्यांनाही आबाच म्हणतो, आणि काही नवे झाले, गुण मिळाले, ताप आला, तर पहिला फोन पोलादपूरला लागतो. ते पहिले वर्ष माझ्याकडून गेले ते गेले. ते कोणत्याही नेटवर परत येत नाही.

व्याही आणि मी लग्नकार्यात भेटतो. नमस्कार होतो. ते हसतात, पानाचा डबा पुढे करतात, मी पान घेतो. इतक्या वर्षांत त्यांनी मला लग्नाचे सांगितले, पोरगी दिल्याचे सांगितले, आपल्या मनातले दुःख सांगितले. मी विचारले होते ते मात्र सांगितले नाही. आमच्या आळीची टेलिफोनची केबल नवी टाकली आहे, हे त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होते की नव्हते? मला समजूत नको, पाणी नको, बसा शेठ नको. माझ्या बायकोसमोर, तुमच्या मुलीसमोर, हो म्हणा किंवा नाही म्हणा. पण म्हणा.